खोक्यात पाच कमी

ऑर्लिन स्टेन्सरूडबद्दल वाकडं लिहायची माझी इच्छा नव्हती. पण दुपारची भांडी आवरली की वहीत चार ओळी लिहायची सवय मला लग्नाआधीपासूनची. गेल्या दोन हिवाळ्यांची वही चाळली तर त्याच्याबद्दल जे सापडतं ते असं : ‘ऑर्लिनची हिरवी गाडी आज पुन्हा फर्न्सबीला.’ ‘ऑर्लिनने घरात काडतुसं किती ते सांगितलं नाही.’ ‘ऑर्लिन खोटं बोलला, तेही चर्चमध्ये, हातात माझाच केक घेऊन.’ देवाने या वहीची झडती घ्यायची ठरवली तर आधी माझीच मान खाली जाईल. म्हणून आता सगळं नीट, सुरुवातीपासून लिहिते.

ऑर्लिन आमच्या टॅमरॅक गावचा दूधवाला. घरोघर बाटल्या ठेवणारा नव्हे. गोठ्यागोठ्यातून दूध उचलून डेअरीत पोचवणारा टँकर त्याने एक्केचाळीस वर्षं चालवला. कुठल्या शेतावरचा कुत्रा चावरा, कुठल्या घरची कॉफी पाणचट, कुठल्या वळणावर मार्चमध्ये चाक रुततं, सगळं त्याला पाठ. बोलणं मोजकं. ‘बरं आहे’ म्हणाला म्हणजे उत्तम, ‘चालेल’ म्हणाला म्हणजे बरं, आणि गप्प बसला तर समजायचं की तुमच्या दुधात त्याला पाण्याचा वास आलाय. त्याची बायको बोर्गहिल्ड चार वर्षांपूर्वी गेली. रविवारी चर्चमध्ये डावीकडच्या तिसऱ्या बाकावर तो एकटा बसतो आणि तिच्या जागेवर कोणाला बसू देत नाही.

जुनी डेअरी बंद पडली तेव्हा तिचं तळघर नेमबाजीच्या क्लबाला मिळालं, आणि ते मिळवून देणारा ऑर्लिनच. लांबलचक, थंड खोली. भिंतीला अजून आंबट ताकाचा वास आहे. दर गुरुवारी संध्याकाळी सहाला तिथे आमची लीग भरते. बावीसची, म्हणजे बारीक नळीची बंदूक, पन्नास फुटांवर कागदाचं कार्ड, कार्डावर दहा काळी वर्तुळं. माझा नवरा ड्युएन तिथे वीस वर्षं जातो आणि वीस वर्षं त्याचा डावा कोपर सरकतो. मी जेवण घेऊन जाते, आणि मंगळवारच्या बायकांच्या लीगमध्ये मीही बंदूक धरत असे. ऑर्लिनची मात्र गोष्टच वेगळी. पालथं पडून, पट्टा दंडाला आवळून तो असा काही स्थिर व्हायचा की वाटावं, म्हातारा झोपला. मग एक बारीक टक्. शंभरातले नव्व्याण्णव, कधी शंभर. नवा कोणी आला की आम्ही म्हणायचो, “बंदुकीकडे बघू नकोस, ऑर्लिनच्या पाठीकडे बघ. श्वास घेतलेला दिसला तर सांग.”

मग बावीसची काडतुसं मिळेनाशी झाली.

कशामुळे, ते अजून कोणाला धड सांगता येत नाही. कोणी म्हणे सरकारच उचलतंय, कोणी म्हणे कारखानेवाले दाबून ठेवतात, कोणी म्हणे शहरातून लोक ट्रक घेऊन येतात. प्रत्येकाकडे एक चुलतभाऊ होता आणि त्या चुलतभावाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. बायकांची मंगळवारची लीग पहिल्याच महिन्यात बंद झाली. बंद करा असं कोणी म्हणालं नाही. एका मंगळवारी क्लबाच्या कपाटात आमच्या वाट्याचं खोकं नव्हतं, इतकंच. मी तेव्हा तोंडाने काही बोलले नाही. वहीत दोन पानं लिहिली.

लावॉनच्या हार्डवेअरच्या दुकानात मंगळवारी सकाळी सातला मालाची गाडी येते. पाच वाजल्यापासून लोक फुटपाथवर उभे राहू लागले, थर्मास घेऊन, तोंडाला लोकरीचा मफलर गुंडाळून. नियम माणशी एका खोक्याचा, म्हणजे पन्नास काडतुसं. मग घरची माणसं रांगेत यायला लागली. घरोघर गॅसच्या टाक्या भरणारा मर्ल ऑगार्ड, तो क्लबाचा सेक्रेटरीही आहे, एकदा आपल्या एक्क्याण्णव वर्षांच्या सासूला चाकांच्या खुर्चीत घालून घेऊन आला.

लावॉन म्हणाली, “मर्ल, यांना बंदूक चालवता येते?”

“तिलाच विचार की.”

सासूबाई म्हणाल्या, “ते राहू दे, इथे बाथरूम कुठे आहे?”

खोकं मात्र मिळालं. मागचे सगळे कुरकुरले आणि पुढच्या मंगळवारी त्यांच्याही सासवा आल्या.

ऑक्टोबरात क्लबाने ठरवलं की असं चाललं तर नाताळापर्यंत लीग बंद पडेल. ज्याच्या घरी दोन खोक्यांपेक्षा जास्त असतील त्याने वरची सगळी क्लबाच्या कपाटात आणून ठेवायची आणि गुरुवारी सर्वांनी त्यातून घ्यायचं. एकेकाने उभं राहून सांगितलं. ड्युएनने सहा खोकी दिली. मला वाटलं होतं आमच्याकडे तीनच आहेत. उरलेली त्याने माझ्या शिवणाच्या पेटीमागे ठेवली होती म्हणे. ऑर्लिनने एक खोकं टेबलावर ठेवलं.

मर्लने विचारलं, “एवढंच?”

“एवढंच.”

“घरी?”

“घरी मी असतो आणि मांजर.”

लोक हसले, पण हसताना एकमेकांकडे बघत हसले. कारण त्याच सुमारास ऑर्लिनचं वागणंही पालटलं होतं. गुरुवारी यायचा, दहा काडतुसं एका औषधाच्या बाटलीतून काढायचा, कोपऱ्यातल्या शेवटच्या जागेवरून उडवायचा आणि कार्ड कोणाला न दाखवता घडी करून खिशात घालायचा. गुण सांगायचा नाही. “काडतुसं जपून वापरतोय,” म्हणायचा. मर्ल म्हणायचा, “जपतोय खरा, पण कोणासाठी?”

नोव्हेंबरात मी लोकर आणायला फर्न्सबीला गेले होते. आमच्यापासून चाळीस मैल. तिथल्या पशुखाद्याच्या दुकानासमोर ऑर्लिनची हिरवी गाडी उभी. आत तो खिडकीपाशी उजेडाला उभा राहून काडतुसांच्या खोक्याचं झाकण भिंगातून वाचत होता. वाचलं, छोट्या डायरीत काही लिहिलं, खोकं विकत घेतलं. मी हाक मारणार होते. का कोण जाणे, मारली नाही. रविवारी प्रार्थनेनंतर कॉफीच्या वेळी मी सहज म्हटलं, “फर्न्सबीचा रस्ता फार निसरडा आहे म्हणतात.”

“असेल. मी वसंतापासून तिकडे गेलो नाही,” ऑर्लिन म्हणाला आणि माझ्या केकचा दुसरा तुकडा उचलला.

त्या दिवसापासून मी त्याची गाडी शोधायला लागले, हे कबूल करते. शेजारच्या क्लोकेचा नातू म्हणाला रेड पाइनला दिसली, पोस्टातली बाई म्हणाली लेक सिटीच्या रस्त्याला दिसली. नकाशावर बोट फिरवलं तर ऑर्लिनचा जुना दुधाचा मार्गच तो! त्या वाटेवर पूर्वी डेअऱ्या होत्या तितकी आता हार्डवेअरची दुकानं. ड्युएन म्हणाला, “म्हातारा दूध गोळा करायचा तसाच काडतुसं गोळा करतोय. बंदुकांच्या जत्रेत तिप्पट भावाने विकत असणार.” मी म्हटलं, “पाहिल्याशिवाय बोलू नये.” पण माझ्या मनातही तेच होतं.

पाहिलं ते मर्लने. जानेवारीत ऑर्लिनच्या घरामागची गॅसची टाकी भरायला तो गेला. टाकी तळघराच्या खिडकीला लागूनच. काचेवरचा बर्फ त्याने बाहीने पुसला (का पुसला, असं त्याला कोणी विचारलं नाही) आणि आत बघतो तर भिंतीशी फळीवर खोक्यांची रास.

गुरुवारी तो आम्हा सगळ्यांना सांगत होता, “पन्नास असतील. पन्नासच्या वर! आणि हा कपाटात एक ठेवून गेला! माझी सासू थंडीने आजारी पडली रे!”

त्या दिवशी ऑर्लिन आला नव्हता. ठरलं असं, की पुढच्या गुरुवारी मत घ्यायचं आणि त्याचं नाव क्लबातून काढायचं. आमच्याकडे मत दाण्यांनी देतात : पांढरा घेवडा म्हणजे राहू द्या, लाल राजमा म्हणजे काढा. मर्ल मला म्हणाला, “आर्डिस, राजमा जास्त आण.”

आता क्लबातून नाव जाणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळायचं नाही. बोर्गहिल्ड गेल्यावर ऑर्लिनकडे आठवड्यात दोनच वेळा माणसाचा आवाज असायचा : रविवारी आणि गुरुवारी. गुरुवार गेला तर उरला एकच. आणि रविवारचंही कठीणच होतं. त्याच आठवड्यात पाळकांनी मान्न्यावर प्रवचन केलं. रानात देवाने रोजचं अन्न रोज पाठवलं, आणि ज्यांनी उद्यासाठी लपवून ठेवलं त्यांच्या मडक्यात किडे पडले. विषय आपण निवडला नाही, वर्षाच्या क्रमानेच आला, असं पाळक नंतर तीनदा सांगत होते. पण चर्चभरच्या माना डावीकडच्या तिसऱ्या बाकाकडे वळल्या. ऑर्लिन ताठ बसला होता. दोन्ही हात मांडीवरच्या टोपीखाली.

मला शिकवलंय की भावाचं चुकलं तर आधी एकट्याने जाऊन, दोघांतच, त्याला सांगावं, दवंडी नंतर. सोमवारी दुपारी मी लेफ्सेचा, म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळ्यांचा डबा घेतला आणि ऑर्लिनकडे गेले. ड्युएनला सांगितलं, आजारी माणसाला भेटून येते. हे खोटं बोलले असं तेव्हा वाटलं होतं.

ऑर्लिनने दार चार बोटं उघडलं.

“मर्लने पाठवलं?”

“लेफ्से आणल्यात.”

“गाडीत कोण आहे?”

“कोणी नाही. बघून ये हवं तर.”

तो खरंच बाहेर आला, माझ्या गाडीच्या मागच्या खिडकीतून आत वाकून पाहिलं, आणि मगच मला घरात घेतलं. कॉफी ओतली ती अर्धाच कप. मी मनात म्हटलं, कंजूष झालाय, कॉफीतही हात आखडतो. मग सरळ सांगितलं, “गुरुवारी तुझं नाव काढणार आहेत. मर्लने खोकी पाहिली. तू विकतोस म्हणतात.”

“आणि तू काय म्हणतेस?”

“मी म्हणते, तू माझ्याशी खोटं बोललास. फर्न्सबीला मी तुला पाहिलं.”

मांजराने लेफ्सेचा डबा हुंगला. ऑर्लिन उठला आणि म्हणाला, “खाली चल.”

तळघरात मर्लने सांगितली तेवढी खोकी खरंच होती. पण विकायला ठेवलेला माल असा नसतो. प्रत्येक खोक्याखाली एक कार्ड, कार्डावर पाच भोकं, आणि बाजूला पेन्सिलीने आकडा. तो आकडा कशाचा ते मला माहीत होतं. काडतुसं कारखान्यात घाण्याघाण्याने निघतात, आणि कुठल्या घाण्याची ते खोक्याच्या झाकणावर छापतात. घाणा बदलला की तीच बंदूक वेगळी मारते. एखाद्या बंदुकीला एखादाच घाणा मानवतो. आपल्या घाण्याची खोकी साठवून ठेवणं ही नेमबाजांची जुनीच खोड. ऑर्लिनने सतरा वर्षं एकाच घाण्यावर काढली होती.

“माझा घाणा गेल्या वर्षी हिवाळ्यात संपला,” तो म्हणाला. “तेव्हापासून हे असं. बघ.” त्याने कार्डं माझ्यापुढे केली. पाच भोकं पाच दिशांना, काही वर्तुळाच्याही बाहेर. “जुन्या वाटेवरची सगळी दुकानं धुंडाळली. एखाद्याच्या मागच्या फळीवर जुनं खोकं पडलेलं असेल. नाही सापडलं. मग मिळेल तो घाणा घेऊन पाहतोय. सगळे नासके. आजकाल कारखान्यात काय भरतात देव जाणे.”

“सगळेच्या सगळे नासके?”

“त्रेपन्न खोकी. आणि मला आणखी एक शंका आहे. गुरुवारी माझी बंदूक क्लबात उभी असते. कोणीतरी तिच्या नेम धरायच्या माशीला हात लावलाय.”

“कोणी?”

“मी नाव घेत नाही. गॅस भरतो.”

मी हसले नाही. तो चेष्टा करत नव्हता. हिवाळाभर आम्ही त्याच्यावर डोळा ठेवून होतो आणि तो आमच्यावर.

“मग क्लबाला सांगायचं होतंस,” मी म्हटलं.

“काय सांगू? नव्व्याण्णव मारणाऱ्याचे आता एक्क्याऐंशी होतात म्हणून? आधी काडतूस सापडू दे, मग सांगतो.” मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाला, “आर्डिस, तू मार. तुझ्या बापाने तुला शिकवलंय, आणि तुझी लीग बंद झाल्यापासून तुला यातल्या एकाही खोक्याचा उपयोग नाही. क्लबातल्या कोणावर माझा भरवसा नाही. तू मारून सांग की नासके आहेत, म्हणजे गुरुवारी मला सांगता येईल.”

त्याचा रिकामा गोठा बरोबर पन्नास फूट भरतो. टोकाला दिवा आणि कार्ड. मी म्हटलं, वाळूची पिशवी दे टेकवायला. “लीगमध्ये पिशवी असते का?” म्हणाला. म्हणून मी त्याची बंदूक घेऊन, कोट घालूनच सतरंजीवर पालथी पडले, पट्टा दंडाला आवळला. दीड वर्षात बंदूक धरली नव्हती. थंडीने गाल लाकडाला चिकटत होता. त्याने दिलेलं खोकं त्याच्या मते सगळ्यात वाईट. मी पाच मारली.

ऑर्लिन कार्ड आणायला गेला आणि परत यायला त्याने फार वेळ लावला. कार्ड माझ्या हातात दिलं. पाचही भोकं पाच सेंटच्या नाण्याखाली झाकली असती.

“देवाला मध्ये घातलंस का?” तो म्हणाला.

“गोळी मारताना मी देवाला त्रास देत नाही.”

“थांब.” तो घरात गेला, दुसरं खोकं घेऊन आला. मी पाच मारली. तिसरं आणलं. तिसऱ्या वेळी तो कार्डाकडे गेलाच नाही. एवढ्या लांबूनही दिसत होतं. दुधाच्या पालथ्या कॅनवर बसला आणि दोन्ही हात बगलेत खुपसले. आणि तेव्हा, इतक्या उशिरा, मला ती अर्ध्या कपाची कॉफी कळली, चर्चमधली टोपी कळली. बंदूक चांगली होती. त्रेपन्न घाणेही चांगले होते.

“कधीपासून?” मी विचारलं.

“काय कधीपासून?”

“ऑर्लिन.”

तो गव्हाणीकडे बघत होता. “सकाळी कमी हलतात,” म्हणाला. “कॉफीनंतर जास्त. मी कॉफी सोडून पाहिली. मग झोप नाही म्हणून असेल वाटलं. मग काडतुसं. माझा बाप असाच गेला. शेवटी आई त्याला चमच्याने भरवायची. आणि गावातले लोक यायचे, त्याच्या हाताकडे न बघता बोलायचे. एकही जण बघत नव्हता. इतकं न बघणं मी आयुष्यात पाहिलं नाही.”

“डॉक्टर?”

“बर्फ वितळला की.”

“बर्फ वितळायच्या आधी. नाहीतर मी ड्युएनला सांगते.”

“ड्युएनला सांगितलंस की गुरुवारी सगळ्यांना कळणार.”

“गुरुवारी नाहीतरी तुझं नाव जाणार आहे. खरं सांगितलंस तर कोणी राजमा टाकणार नाही.”

“हो. पांढरे दाणे टाकतील,” तो म्हणाला. “एकूणएक पांढरे. आणि मग माझ्याकडे बघायचं बंद करतील. आर्डिस, मला चोर म्हणू देत. चोरावर लोक नजर तरी ठेवतात.”

खोटी साक्ष देऊ नये हे मला ठाऊक आहे. पण तोंड मिटून ठेवणं कुठल्या खात्यात जातं, हे मी तेव्हापासून विचारतेय आणि अजून उत्तर आलेलं नाही. मी एवढंच म्हटलं, “खोकी तरी दे. लोक तिथे मोजून दहा दहा मारतायत.”

“बघतो,” ऑर्लिन म्हणाला. त्याच्या बोलीत याचा अर्थ काहीही होतो.

गुरुवारी मी ओव्हनमध्ये भाजलेलं खिम्याचं हॉटडिश, घेवडा आणि राजमा घेऊन गेले. सगळे आले होते. मर्लने दाण्यांसाठी कॉफीचा रिकामा डबा टेबलावर ठेवला, आणि एवढ्यात जिन्यावरून धडधड धडधड आवाज. ऑर्लिन मुलांची बर्फावरची घसरगाडी पायऱ्यांवरून ओढत खाली आणत होता. तिच्यावर दोरीने बांधलेली खोकी. कोणी मदतीला उठलं नाही. त्याने दोर सोडला, हात कोटाच्या खिशात घातले आणि म्हणाला, “त्रेपन्न. कपाटात ठेवा.”

ड्युएनच्या चेहऱ्यावर लाज आणि हाव दोन्ही एकदम दिसत होती. मर्लने एक खोकं उघडलं, बोटाने मोजलं. दुसरं उघडलं. तिसरं.

“यात पाच कमी. यातही पाच कमी.”

“सगळ्यांत पाच कमी,” ऑर्लिन म्हणाला. तीन खोक्यांत दहा कमी होती, हे फक्त आम्हा दोघांना माहीत.

“का?”

“माझी हमाली.”

“काय?”

“हमाली. पेट्रोल तुझी सासू घालते का? आठ गावं फिरलो. खोक्यामागे पाच घेतली.”

“घेतलीस आणि काय केलंस?”

“उडवली.”

“एकट्याने? इथे आम्ही दहा दहा मारत असताना तू घरी बसून अडीचशे काडतुसं उडवलीस?”

“मजा आली,” ऑर्लिन म्हणाला.

असा गलका झाला की दिव्याच्या शेडवरची धूळ पडली. जिभेच्या टोकावर सगळं आलं होतं माझ्या. मी ऑर्लिनकडे पाहिलं, आणि त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी हॉटडिशचं झाकण काढून उगाच ढवळायला लागले. ढवळायचा पदार्थ नव्हे तो.

शेवटी ड्युएन उभा राहिला. “त्याने माल आणून दिलाय,” म्हणाला. “नाव काढायचं ते लपवण्याबद्दल होतं. आता नाव काढणं बरोबर नाही.”

“मग काय, हार घालायचा?” मर्ल म्हणाला. “माझी सूचना अशी. नाव राहू दे. पण हा या मोसमात बंदूक धरणार नाही. एक काडतूससुद्धा नाही. त्याच्या वाट्याचं त्याने उडवून झालंय.”

“सबंध मोसम?” ऑर्लिनने विचारलं. आवाज अगदी पडलेला. इतका पडलेला, की मला गोठ्यातला ऑर्लिन आठवला आणि संशय आला. हा माणूस त्रेपन्न खोकी बांधताना इथपर्यंत विचार करून आला होता.

“सबंध मोसम. आणि पुढचाही, काडतुसं मिळायला लागेपर्यंत.”

“फार झालं हे, मर्ल.”

“मान्य नसेल तर डबा आहे आणि आर्डिसने राजमा आणलाय.”

ऑर्लिनने मान खाली घातली. “ठीक आहे. मान्य.”

मर्लने वहीत ठराव लिहिला आणि वही त्याच्याकडे सरकवली. “सही कर.”

ऑर्लिनचे हात खिशातच. “चष्मा घरी राहिला,” तो म्हणाला. “आर्डिस, माझ्या वतीने तू लिही.”

चष्म्याची काडी त्याच्या वरच्या खिशातून बाहेर आलेली सगळ्यांना दिसत होती. मर्ल तिच्याकडे बघत होता, ड्युएन बघत होता. मी पेन घेतलं आणि ऑर्लिन स्टेन्सरूड असं स्वच्छ अक्षरात लिहिलं. देवा, माझा हात बिलकूल हलला नाही.

त्यानंतर लीग पूर्ववत सुरू झाली. आता माणशी तीस मिळतात. ऑर्लिन दर गुरुवारी येतो, शेगडी पेटवतो, मागच्या बाकावर बसतो आणि सगळ्यांचे दोष काढतो. “ड्युएन, कोपर! कोपर घरी ठेवून ये पुढच्या वेळी.” “मर्ल, श्वास रोखायचा असतो, उसासा टाकायचा नसतो.” लोक चिडतात, पण ऐकतात. दोघांचे गुण वाढलेसुद्धा. आणि सगळे त्याच्यावर बारीक नजर ठेवून असतात, त्याला हवी होती तशी. एवढ्या सहज शिक्षा मान्य करणारा माणूस काहीतरी दडवून असणार, असं क्लबाचं एकमताने ठरलेलं आहे.

फेब्रुवारीत एकदा मी भांडी विसळत होते तेव्हा मर्ल येऊन शेजारी उभा राहिला. हलक्या आवाजात म्हणाला, “आर्डिस, तू देवभीरू बाई. खरं सांग. चांगला घाणा कुठे ठेवलाय त्याने?”

“त्यालाच विचार.”

“विचारलं. म्हणाला, आर्डिसला माहीत आहे.”

मी वळून पाहिलं. ऑर्लिन वाडगा मांडीवर घट्ट धरून तिसऱ्यांदा वाढून घेतलेलं हॉटडिश खात होता, माझ्याकडे न बघता.

गाडीतून घरी येताना ड्युएनने विचारलं, “त्या सोमवारी तू आजारी माणसाला भेटायला गेलीस ते कोण?”

“ऑर्लिन.”

“त्याला काय झालं होतं?”

“ते त्याला विचार.”

“म्हणजे तू खोकी पाहिली होतीस.”

“पाहिली होती.”

“आणि मला सांगितलं नाहीस.”

“शिवणाच्या पेटीमागची खोकी तू मला कुठे सांगितली होतीस?”

मला वाटलं विषय संपला. शनिवारी मी चर्चची साफसफाई करून जरा लवकर घरी आले. कोठीघरात खडखड ऐकू आली. ड्युएन स्टुलावर चढून पिठाच्या डब्यांमागे हात घालून चाचपडत होता. लोणच्याच्या बरण्या सगळ्या खाली मांडलेल्या, रांगेने.

“काय शोधतोयस?” मी विचारलं.

“बेकिंग पावडर,” तो म्हणाला.

लग्नाला अडतीस वर्षं झाली. त्याने अजून अंडंसुद्धा उकडलेलं नाही. मी कोट काढला, खुंटीला लावला आणि म्हटलं, “नीट शोध. खालच्या फळीवरही बघ.”